उत्तरेकडची रंगीत तालीम

"पहिली घंटा!" असं ओरडून व्यवस्थापकाने चपलांच्या कपाटावरची पितळी घंटा दणादण वाजवली, तेव्हा त्याची आई आरशासमोर पावडर लावत होती, वडील दातांची कवळी शोधत होते, बायको गॅस बंद केलाय ना ते पुन्हा एकदा बघत होती, आणि मुलगी, जिला घरात सगळे चिमणी म्हणत, बॅगेवर बसून बॅग बंद व्हायची वाट पाहत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, हे कुटुंब आता प्रवासाला निघालं. व्यवस्थापकाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, छे, ही नुसती निघण्याची रंगीत तालीम. खरं निघणं पुढच्या रविवारी.

तो एका नाट्यगृहात रंगमंच-व्यवस्थापक होता. पडदा कधी वर जायचा, खुर्ची कुठे ठेवायची, नायिकेने कुठल्या दारातून येऊन कुठल्या दारातून जायचं, हे सगळं त्याच्या मुठीत. त्याचा एकच कायदा होता. तिसरी घंटा झाली की आत तो आत, बाहेर तो बाहेर. एकदा नायकच मागच्या गल्लीत चहा पीत राहिला, तर याने नायकाशिवाय पडदा वर नेला होता. पहिला अंक त्या दिवशी जास्त रंगला असं तो अजूनही शपथेवर सांगत असे.

आता अशा माणसाच्या घरात सहल ठरली म्हणजे काय होणार, ते सांगायला नकोच. त्याची मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, उत्तरेकडच्या एका शहरात राहायची. थंडीत ती घसरून पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून तिचं घराबाहेर पडणं बंद झालं. आईला तिला एकदा डोळे भरून बघायचं होतं. बाकी काही नको होतं, शहर बघायचं नव्हतं, फोटो काढायचे नव्हते. सगळ्यांनी मिळून जायचं, दोन रात्री राहायचं आणि परत यायचं, इतका साधा बेत होता. पण व्यवस्थापकाच्या मते साधा बेत म्हणजे तालीम न झालेलं नाटक.

पहिल्या तालमीत अप्पा, म्हणजे त्याचे वडील, जिन्यातून परत फिरले. चष्मा विसरला होता. चष्मा डोळ्यांवरच होता हे कळेपर्यंत टॅक्सीवाला निघून गेला. व्यवस्थापकाने तालीम नापास ठरवली आणि बेत महिनाभर पुढे ढकलला. दुसऱ्या तालमीत लिफ्ट अडकली. त्यात तो स्वतःच अडकला होता, तरीही नापासाचा शिक्का कुटुंबावर बसला. बेत पुन्हा पुढे गेला. त्या दिवशी आईने बहिणीला फोन केला तेव्हा पलीकडून इतका मोठा आवाज आला की तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला.

"तू येणार आहेस की तुझ्या मुलाची नुसती तालीमच चालणार आहे? माझ्या हाडांना एवढा दम नाही हं!"

आईने फोन ठेवला आणि ती बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिली. तिच्या सुनेने ते पाहिलं. ती ओले हात पदराला पुसून सासूच्या शेजारी जाऊन बसली. दोघींचं काय बोलणं झालं ते व्यवस्थापकाला कळलं नाही, कारण तो दिवाणखान्यात जमिनीवर खडूने टॅक्सीची डिकी आखत होता.

तर आज तिसरी तालीम. ही नापास झाली तर बेत थेट नवं नाटक उभं राहिल्यानंतर, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. नवं नाटक कधी उभं राहणार हे खुद्द लेखकालाही ठाऊक नव्हतं.

"सामान आणा दाराशी! अप्पा, तालमीला कवळी कशाला लागते?"

"मला काय माहीत, बोलायची वेळ आली तर?" अप्पा म्हणाले. कवळी ते फक्त परक्या माणसांसमोर लावत. घरातल्यांसाठी हिरड्याच पुरेत असं त्यांचं मत होतं.

व्यवस्थापकाला मनातून बरं वाटलं. आज पहिल्यांदाच सगळ्यांनी तालीम मनावर घेतलेली दिसत होती. आईने चक्क नवी शाल काढली होती. बॅगांत रद्दी भरा, वजन तेवढं खऱ्यासारखं हवं, असं त्याने बजावलं होतं. त्याची स्वतःची बॅग त्याने जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरली होती आणि तिला कुलूपही लावलं होतं. पण बायकोची बॅग त्याने उचलून पाहिली, तर ती हुबेहूब कपड्यांच्या बॅगेसारखी मऊ लागली.

"वा! याला म्हणतात काम," तो म्हणाला. "रद्दीसुद्धा कशी घडी घालून भरलीय."

"बाबा, त्यात रद्दी नाही—" चिमणी म्हणाली, आणि बायकोने तिच्या तोंडात पटकन लिमलेटची गोळी घातली.

"तिकिटं?" व्यवस्थापकाने विचारलं.

"ती माझ्याकडे," बायको म्हणाली. "दाखवू का?"

"नको नको. तिकिटं तुझं खातं." नाट्यगृहातही तिकीटखिडकीच्या कारभारात त्याने आयुष्यात नाक खुपसलं नव्हतं. तो पडद्याच्या आतला माणूस होता.

दुसरी घंटा झाली. फ्रिज रिकामा करून बंद केला गेला, पाण्याचा मुख्य नळ बंद झाला, खिडक्या लागल्या. यातलं काही खोटं खोटं करायचं नाही असा त्याचाच आग्रह होता. तिसरी घंटा वाजवून त्याने घंटा कपाटावर ठेवली आणि सामान मोजायला तो बाहेर वळला. आई सगळ्यांच्या मागून, पर्सची चेन ओढत बाहेर पडली. दाराला कुलूप लागलं.

आवाजाने समोरच्या काकू बाहेर आल्या.

"अगंबाई, निघालात का? मला वाटलं पुढच्या रविवारी!"

इथे व्यवस्थापकाने खरं बोलायला हवं होतं. पण मागच्या दोन तालमींनंतर सगळ्या मजल्यावर त्याची जी चेष्टा झाली होती, ती आठवून त्याची जीभच रेटेना. "हो, जरा अलीकडे घेतलं," तो पुटपुटला.

"थांबा थांबा!" काकू आत पळाल्या आणि त्याच्या खांद्याइतका उंच, छत्रीएवढ्या शेडचा एक उभा दिवा घेऊन आल्या. "तिकडे माझा भाचा राहतो ना, त्याच्या नव्या घरासाठी घेऊन ठेवलाय. कुरिअरवाले फोडतात हो. तुम्ही काळजी घेणारी माणसं. एवढा न्या."

व्यवस्थापक दिव्याकडे बघत राहिला. आता नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? त्याने दिवा कवेत घेतला. तेवढ्यात बायकोने किल्ल्यांचा अख्खा जुडगा काकूंच्या हातात ठेवला.

"झाडांना पाणी घालाल ना, काकू?"

"घालीन की! म्हणजे आज आणि उद्या सकाळी. दुपारी मी मुलीकडे जातेय चार दिवस. पण किल्ली माझ्या पर्समध्ये सुखरूप राहील, अजिबात चिंता करू नका." असं म्हणून काकूंनी आईला मिठी मारली आणि त्या रडू लागल्या. त्यांचं पाहून आईही रडली. खऱ्या प्रवासाला जाणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

जिना उतरताना व्यवस्थापकाच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. तासाभराने आपण परत येणार. काकूंच्या दारात दिव्यासकट उभे राहणार. काय सांगणार? गाडी चुकली? मग त्या म्हणणार, उद्याच्या गाडीने जा. तब्येत बिघडली? कोणाची?

"अप्पा, तुम्हाला परतताना जरा चक्कर आल्यासारखं करता येईल का?" त्याने हळूच विचारलं.

"मला? मला आज फार वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटतंय," अप्पा म्हणाले, आणि कवळी दाखवून हसले.

टॅक्सीत दिवा मावेना. खडूने आखलेल्या डिकीत दिव्याला जागा धरलेली नव्हती. शेवटी दिवा खिडकीतून अर्धा बाहेर काढून, त्याची शेड चिमणीच्या डोक्यावर ठेवून मंडळी निघाली. प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाड्यांतली माणसं शेडखालच्या मुलीकडे बघून हात हलवत होती. चिमणीही आतून सगळ्यांना टाटा करत होती. व्यवस्थापक मात्र घड्याळ हातात धरून, कोण किती वेळ खातंय याचा मनाशी हिशेब करत बसला होता. आश्चर्य म्हणजे कोणीच वेळ खात नव्हतं. कोणाला तहान लागली नाही, कोणी काही विसरलं नाही, आणि आईचे गुडघे आज दुखतच नव्हते.

उत्तरेकडची गाडी फलाटावर लागलेली होती. ती तिथूनच सुटायची, म्हणूनच त्याने ती तालमीला निवडली होती. "चढायचं, बसायचं, सामान वर ठेवायचं, आणि मी हात वर केला की उतरायचं. मी खालून बघतो. समजलं?"

"समजलं," सगळे एका सुरात म्हणाले. नाट्यगृहातल्या नटांनी असं एका सुरात उत्तर दिल्याचं त्याला आठवेना.

बायको थेट एका डब्यापाशी गेली. "हाच आपला डबा."

"डब्याचा नंबरसुद्धा पाठ?" त्याचे डोळे पाणावले. मंडळी चढली. अप्पा आधाराशिवाय चढले. नेमक्या खिडकीजवळच्या सगळ्या जागा रिकाम्या होत्या, हे तर नशीबच म्हणायचं. सामान वर गेलं, आई खिडकीशी टेकली, तिने शाल सारखी केली. फलाटावर एका हातात रद्दीची बॅग आणि दुसऱ्या हातात दिवा धरून व्यवस्थापक हे सगळं बघत होता. इतकी निर्दोष तालीम त्याच्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती.

"पास!" तो ओरडला आणि त्याने दिव्यासकट हात वर केला. "शाब्बास! आता उतरा!"

कोणी उतरलं नाही.

"अहो, उतरा म्हटलं! गाडी सुटेल!"

"सुटू दे की," आई खिडकीतून म्हणाली. "त्यासाठीच बसलोय."

बायकोने खिडकीशी येऊन तिकिटं दाखवली. त्यांवर आजची तारीख होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्याच्या खात्यात डोकावून पाहिलं, आणि तो तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही याचीही तालीम घेतली असती. चढा आता, तुमचंही तिकीट आहे."

"पण माझी रजा? उद्या नाट्यगृहात—"

"कळवलंय मी. ते म्हणाले, दोन दिवस आम्ही घंटेशिवाय जगून बघतो."

"आणि माझे कपडे? माझ्या बॅगेत नुसती रद्दी आहे!"

"ती तुम्हीच भरलीत. कुलूपही तुम्हीच लावलंत," बायको शांतपणे म्हणाली. "मी तरी काय करणार?"

तो जागचा हलेना. घर बंद, किल्ली काकूंकडे, हातात दिवा, आणि तालमीशिवाय प्रयोग. असा प्रसंग त्याच्या शत्रूवरही आला नव्हता. घरी परत जाऊन जिन्यात बसावं की काय, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

तेव्हा आईने पर्सची चेन उघडली आणि आतून पितळी घंटा काढली. तिने ती खिडकीच्या बाहेर धरून एकदा वाजवली. मग दुसऱ्यांदा. सगळा फलाट वळून बघू लागला. मग तिने मुलाच्या डोळ्यांत बघितलं आणि तिसरी घंटा वाजवली.

इतक्या वर्षांची सवय ती. त्याचं डोकं अजून फलाटावरच होतं, पण पाय धावत सुटले. बॅग दारात अडकली, दिवा आडवा झाला, एका प्रवाशाच्या डोक्यावरून शेड फिरून गेली, आणि दार लागता लागता व्यवस्थापक आत आला. गाडी हलली.

चिमणीने त्याच्या तोंडासमोर लिमलेटची गोळी धरली, ती त्याने मुकाट्याने तोंडात टाकली. मग खिशातल्या किल्लीने बॅग उघडून त्याने गेल्या वर्षीचं एक वर्तमानपत्र काढलं आणि वाचायला घेतलं. वाचत मात्र तो नव्हता. आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिच्या तोंडावर इतका आनंद होता की त्याला तिच्याकडे नीट बघवेना.

"चुकलंच माझं," तो शेवटी म्हणाला. "पहिल्यांदाच जायला हवं होतं."

"असू दे रे." आईने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "तालमीचा फायदाच झाला. कसं सगळं सुरळीत पार पडलं बघ."

"परवा संध्याकाळची परतीची गाडी आहे ना?" त्याने जरा सावरून विचारलं.

"आहे ना. पण परतीची तालीम कुठे झालीय आपली?" आईने घंटा शालीच्या टोकाने पुसली आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली. "तुझाच नियम आहे, नापास झाली की निघणं पुढे ढकलायचं. आणि माझे गुडघे बघता, पहिल्या दोन-तीन तालमींना तर मी नापासच होणार हो."