मधल्या रेडिओचं झाकण

श्रावणची बायको शीला गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला माणसं जमली, तेव्हा त्यानं कॅसेट लावली. शीला एकदा रेडिओवर अंबाडीच्या भाजीबद्दल बोलली होती. तिचा आवाज उरला होता तो तेवढ्या कॅसेटवर. पण कॅसेटमधून भंतेजींची वंदना निघाली. दुसऱ्या बाजूलाही वंदनाच.

"मीच भरून आनली," त्याची बहीण कांताबाई हळूच म्हणाली. "आजच्याले लागन म्हनून. मले वाटलं कोरीच हाये."

वंदना चालू होती, म्हणून श्रावणला ओरडताही आलं नाही. तो हात जोडून बसला.

कांताबाईची मुलगी उर्वशी दारव्ह्याला कॉम्प्युटर शिकवायची. तिनं रेडिओ केंद्राला फोन केला. नक्कल देता येत नाही, पण सोमवारी दुपारी बाराला कार्यक्रम पुन्हा लावतो, असं ते म्हणाले.

"मामा, कॉम्प्युटर बाराले आपोआप भरून घेते. एक रेडिओ पुरे."

"एकाचा भरोसा नाही. त्यानं ऐनवेळी खरखर केली तं?"

म्हणून रेडिओ तीन झाले. एक कांताबाईचा, एक शेजारच्या रामरावांचा आणि मधे श्रावणचा. त्याच्या रेडिओचं वायर खुपसायचं भोक खराब होतं, म्हणून झाकण उघडून आतून तार काढली. तीन तारा एकत्र करायला लग्नाच्या बँडवाल्याचा मिक्सर आणला, माइकसकट. उर्वशीनं आणलेला कॉम्प्युटर सुरू करताच तिन्ही रेडिओ गुणगुणायला लागले, तेव्हा रेडिओ आणि मिक्सर गोठ्यात नेले आणि अंगणातून घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत लांब वायर ओढली. दुपारी भारनियमन, म्हणून रामरावांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढली.

"पन साडेबाराले मले कापसाचे भाव ऐकू द्या लागन," रामराव म्हणाले.

"ऐकून काय करता? उतरलेच असतीन."

"उतरले तं उतरले. कानानं ऐकू तं द्या!"

सोमवारी श्रावणनं माइकवर "हॅलो, हॅलो" केलं. घरातून उर्वशी ओरडली, "येऊन राह्यला आवाज!" माइक गव्हाणीवर ठेवून त्यानं सगळ्यांना घरात पिटाळलं आणि स्वतः रेडिओंपाशी बसला. कोणी मधे बोलायला नको.

बारा वाजले. शीला बोलू लागली.

"अंबाडी दोन पाण्यांत उकळून घ्यावी."

"दोन? तू तं एकाच पान्यात उकळे!"

"मीठ जास्त झालं तरी आमचे मालक बोलत नाहीत. पाणी जास्त पितात."

"खोटं! बोललो होतो मी. तू भाकर उचलून नेलती!"

"उघडलेल्या रेडिओला झाकण लावताना मी त्यांना लग्नापासून पाहिलेलं नाही."

"लावतो ना! आजच लावतो!"

तिचं बोलणं त्याला पाठ होतं. स्वतःची उत्तरंही.

कार्यक्रम संपला. रामरावांनी उतरलेले भाव ऐकले आणि बॅटरी घेऊन गेले. वीज आल्यावर उर्वशीनं भरलेलं लावलं. श्रावणचा आवाज वरातीसारखा गाजत होता. मागून कुठून तरी शीला येत होती.

"मामा, माइक कोन बंद करनार होतं?"

कांताबाईनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, कळेना. "वहिनी बोलून राह्यली अन् दादा मधात. अगदी घरातल्यावानी."

"तुमचा आवाज काढून पाहू काय, मामा?"

"निंगते काय?"

"निंगते. पन त्याच्यासंगं मामीचाबी जाते."

श्रावण कॉम्प्युटरजवळ सरकून बसला.

"मंग राहू दे. पुन्हा लाव."

दुसऱ्या दिवशी मिक्सर परत गेला, दोन रेडिओ आपापल्या घरी गेले. मधल्या रेडिओचे स्क्रू वाटीत आहेत. झाकण लावायचं अजून राहिलं आहे.