पहिलीची परीक्षा

देवरे सरांनी जीभ बाहेर काढायला सांगितली, तर निमूट काढायची. इंदिरानगरात आमच्या गल्लीत राहायला येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवायला हवं. मला कोणी सांगितलं नव्हतं. सामानाचा टेम्पो दारात उभा, माझ्या हातात गॅसची शेगडी, आणि शेजारच्या फाटकातून एक सडपातळ गृहस्थ म्हणाले, "जीभ." मी काढली. "सरळ आहे. बारावी पास," असं म्हणून ते आत गेले. मी दहावीनंतर डिप्लोमा केलेला माणूस. बारावीला कधी बसलोच नव्हतो.

नंतर कळलं की सरांनी तीस वर्षं मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली होती. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. सर त्यांना नावाने नाही, नंबराने हाक मारतात, घरातल्या लेकींसारखी. दुसरी पाहते. आठवी ऐकते आणि तोलही सांभाळते. दहावी भटकी, गळ्यातून उतरते ती हृदयावरून थेट पोटापर्यंत फिरून येते. बारावी जीभ हलवते. नळाला पाणी कधी येणार, असं विचारल्यावर कोणी खांदे उडवले, तर आम्ही चिडतो. सर म्हणतात, "अकरावी उत्तम."

यातून घोटाळे व्हायचेच. समोरच्या शिंद्यांच्या मुलीला पाहायला सिन्नरहून पाहुणे आले. वडीलधारे म्हणून सरांना बोलावलं होतं. मुलगी पोहे देताना हसली आणि सर भारावून म्हणाले, "मुलीची सातवी फार सुंदर आहे हो." मुलाचे वडील गोंधळले. "बायोडाट्यात तर एम.कॉम. लिहिलंय," ते म्हणाले. सातवी म्हणजे चेहरा हलवणारी, हसू आणणारी नस, हे समजावण्यात चहा थंड झाला. लग्न मात्र जमलं.

मला हा माणूस मनापासून आवडतो. एवढी विद्या असून त्यांनी ती कधी कपाटात ठेवली नाही. गल्लीतल्या रिक्षावाल्याचा अर्धा चेहरा एका सकाळी वाकडा झाला, तेव्हा कोणी बाहेरचं काही झालं म्हणालं, कोणी वारं लागलं म्हणालं. सरांनी त्याला कपाळाला आठ्या घालायला लावल्या, डोळे मिटायला लावले आणि हाताला धरून दवाखान्यात नेलं. रोज त्याच्याकडून गाल फुगवून घेतले. तो बरा झाला.

पण घरात त्यांना एक नस काही केल्या वळवता येत नव्हती. ती पहिली, वास घेणारी.

दीड वर्षापूर्वी पाथर्डी फाट्याजवळ त्यांची स्कूटर घसरली. मागे त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या. काकूंच्या डोक्याला मार बसला, जखम भरली, पण वास गेला. "नाकाच्या वर चाळणीसारखं हाड असतं," सर मला एकदा म्हणाले. "पहिलीचे धागे त्यातून खाली उतरतात. हिसका बसला की तुटतात. कधी परत जुळतात, कधी नाही." हे ते कुणा परक्या पेशंटबद्दल बोलावं तसं बोलले. स्कूटर कोण चालवत होतं, ते बोलले नाहीत. ती त्यांनी विकून टाकली होती. भाजीलाही पायी जायचे.

काकूंचा काळा मसाला आख्ख्या गल्लीला जायचा. भाजण्याचा अंदाज सगळा नाकाचा, त्यामुळे गेला उन्हाळा कोरडाच गेला होता. एकदा कांदा चिरताना काकूंच्या डोळ्यांना धारा लागल्या. "आला की वास," मी म्हणालो. सरांनी मान हलवली. "ती पाचवी. तिखट झोंबतं, ते पाचवीला. पहिलीला अजून पत्ता नाही."

पहिलीची परीक्षा रोज दुपारी चार वाजता, चहाच्या आधी. सारख्या दिसणाऱ्या चार बाटल्या, तळाला आकडे. एकीत कॉफी, दुसरीत गुलाबपाणी, तिसरीत भाजलेले धने. "चौथीत नुसतं पाणी," सरांनी मला सांगून ठेवलं होतं. "अंदाजपंचे उत्तर देणारा तिथे सापडतो." तीस वर्षांत त्यांनी एकालाही ग्रेसचा मार्क दिला नव्हता. काकू डोळे मिटून हुंगायच्या आणि प्रामाणिकपणे म्हणायच्या, "काही नाही." मी अंबडच्या कारखान्यातून सकाळची पाळी करून आलो की सर मलाही उभं करायचे. "शर्ट बदलू नका. मशीनच्या कूलंटचा वास हा पाचवा पेपर." काकू माझ्या शर्टाजवळ नाक आणायच्या आणि मी लाजून भिंतीकडे बघायचो.

यंदा उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. सर बाटल्या आणायला आत गेले होते. काकू हळूच म्हणाल्या, "मला नाही आला वास, तर नाही आला. मी राहीन तशी. पण वास माझा गेला आणि सातवी यांची गेली, हो. दीड वर्षात हा माणूस हसलेला नाही."

सर आले. कॉफीला काही नाही. गुलाबपाण्याला काही नाही. मग त्यांनी आणखी एक बाटली नाकाखाली धरली. काकू बराच वेळ हुंगत राहिल्या. "धने," त्या म्हणाल्या. "भाजलेले."

सरांनी बाटली उचलली तेव्हा मला तिचा तळ दिसला. त्यावर चार होता.

सरांनी तो पाहिला. ते एरवी पुस्तकातलं मराठी बोलतात, पण सटाण्याकडची आपली बोली त्यांच्या तोंडून त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकली. "बरोबर शे," ते म्हणाले. आणि हसले, दोन्ही गालांनी सारखे.

पुढच्या आठवड्यात काकूंनी अंगणात मसाल्याची कढई चढवली. सर शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. पान काही उलटत नव्हतं. धने खमंग झाले की सर खाकरत आणि काकू लगेच कढई उतरवत. मग खोबरं. सर पुन्हा खाकरले. काकूंनी कढई उतरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांना घशाचं काहीतरी औषध आणायला हवं."