शनिवारची पंगत

फुकट मिळालेली फ्लॉपी आल्या पावली परत करावी, एवढं घाटनांदूरच्या गुरुपादशेठना सुचलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. लग्नपत्रिकांचं दुकान, त्यात दोन हजार दोन साली आणलेला नवाकोरा कॉम्प्युटर, आणि सॉफ्टवेअर मात्र नमुन्यापुरतं, तीस दिवसांचं. ऐन लग्नसराईत ते बंद पडलं. त्यात घरच्याच लेकीचं, शिवानीचं, लग्न बारा मेला.

“विकत काहून घेतो बे?” अंबाजोगाईचा मित्र राधाकिशन फ्लॉपी घालत म्हणाला. “ही मशीनचं साल एक वरीस मागं नेती. मग त्याला वाटतंय, मुदत लई बाकी हाय.”

खरंच, सगळं सुरू झालं. (शेठनी आनंदाच्या भरात कॉम्प्युटरला विभूती लावली.) तारीख टाकली की वार सॉफ्टवेअर स्वतःच भरायचं. बारा मेपुढं त्यानं मागच्या सालाप्रमाणे ‘शनिवार’ भरला. घरात सगळ्यांना रविवार तोंडपाठ, त्यामुळे छापलेलं कुणी वाचलंच नाही.

“भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून घ्या की एकदा,” शेठच्या पत्नी उमाबाई म्हणाल्या होत्या.

“मशीन चुकत न्हाई. माणूस चुकतो,” असं सांगून शेठ पहिली पत्रिका परळीला वैजनाथापुढं ठेवूनही आले.

अकरा मेला सकाळी मांडवाचे खड्डे खणणं चाललं होतं, तेवढ्यात शिरूर कासारचा टेम्पो दारात थांबला. भरजरी नेसलेल्या वच्छलाअक्का, शेठची थोरली बहीण, खाली उतरल्या.

“गुरुपादा, नवरदेव कुठाय?”

“अक्का, लग्न उद्या हाय! बारा तारीख छापलीय की!”

“तारीख कोण बघतंय? आमी बाजाराच्या वारावर चालणारी माणसं. शनिवार छापलास, शनिवारी आलो.”

शेठनी पत्रिका वाचली आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडराकडे धावले. तोवर तलवाड्याच्या दोन जिपा आल्या. दुपारपर्यंत दीडशे माणूस जमलं. आचारी धुळाजी तेवढा तारीख बघणारा निघाला, म्हणजे तो उद्या पहाटे येणार. पाहुणे उपाशी परतले तर उद्या मुलीकडून अक्षता टाकायला कोण राहणार, या विचारानं उमाबाईंना रडूच फुटलं. त्यांना रडताना बघून शेठना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा मनापासून राग आला.

मग उमाबाईंनी डोळे पुसले, तीन चुली मांडल्या, पिठलं चढवलं आणि काठवट नवऱ्यापुढं सरकवली.

“बसा. थापा.”

शेठची पहिली भाकरी काठवटीतच फाटली. शंभराव्या भाकरीला मात्र गोल आकार आला. अक्कांनी सगळ्यांना मुक्कामाला थांबवून घेतलं आणि रविवारी शिवानीचं लग्न थाटात लागलं.

“दोन दिवस पंगत! लई मोठं काळीज शेठचं!” जाताना जो तो म्हणू लागला. शेठनी कुणाचीही चूक दुरुस्त केली नाही. उलट फेटा सारखा करून ते दारात ताठ उभे राहिले.

एवढ्यात मेंढरंवाला सटवा हातात पत्रिका घेऊन आला.

“शेठ, एकुणीसला रविवारी माझ्या सुकन्याचं लगीन. पर तुमी शनिवार छापलाय. आमच्या माणसानला बी आदल्या दिवशी जेवण द्यायचं का?”

शेठचा चेहरा पडला. “उमा, त्या फ्लॉपीनंतर आपण किती पत्रिका छापल्या गं?”

“बत्तीस घरच्या,” उमाबाई शांतपणे म्हणाल्या आणि सटवाकडे वळल्या. “दादा, तुमी फकस्त पीठ दळून ठेवा. शनिवारी भाकऱ्या थापायला हे येतेत. आता हात बसलाय त्यांचा.”