मेश्राम काकांची औषधाची बिलं

आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, मेश्राम काका बारा रुपयांची गोळीसुद्धा रोखीनं घेत नाहीत. अंगात ताप असो, मागे दहा गिऱ्हाइकं खोळंबलेली असोत, मोबाइलला नेटवर्क येईपर्यंत ते औषधाच्या दुकानासमोर हात उंच करून उभे राहतात. दुकानदार हात जोडतो, "काका, बारह रुपये हैं, छुट्टा दे दो ना." काका ढिम्म. "नगदी दिली का बिल मेलं!"

या वाक्याचं पाप माझ्याच माथी आहे. मी रायपुरात लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरतो. म्हाताऱ्या आईवडिलांचा विमा नसेल तर त्यांच्या औषधपाण्याचा खर्च जुन्या पद्धतीच्या रिटर्नमध्ये वजा मिळतो, फक्त तो रोखीनं केलेला नको, असं मी एकदा बोलून गेलो. काका रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांना नियम मिळाला की जेवण मिळाल्यासारखं होतं. तेव्हापासून आईच्या प्रत्येक गोळीचं पक्कं बिल फाइलीत लागतं. रिटर्नला बिलं जोडावी लागत नाहीत, हे सांगून माझी जीभ झिजली.

"ऑडिट आलं तर तू येशील काय?" एवढंच उत्तर.

कर शून्यच यायचा, म्हणून ती फाइल मी कधी उघडली नव्हती. यंदा उघडली, तर बिलांवर नाव रामटेके.

"काका, तुम्ही मेश्राम, आई रामटेके कशी?"

"सासू आहे ना बाबू ते माही."

मी कपाळाला हात लावला. "काका, सासू यात बसत नाही. अन् तुमच्या पेन्शनवर तसाही टॅक्स लागत नाही. ही बिलं ठेवली काय अन् फेकली काय, सारखंच."

मला वाटलं, आता भडकतील. पण काका थंडपणे म्हणाले, "हव, ठाऊक आहे मले. तू उद्या घरी येऊन भर. आईसमोर."

रिटायर माणसाला हाताशी एखादी फाइल लागतेच, असं म्हणून मी हसलो. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नाही, घरात फक्त काका आणि आजी, एवढं मला माहीत होतं; आजी म्हणजे काकांची आई, असंच मी धरून चाललो होतो. मध्ये एकदा आजींनी औषधं सोडली आणि त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं, हेही. का सोडली, ते मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका चहा करायला आत गेले, तशी आजींनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"माही पोट्टी जिवंत होती तवा गोष्ट अलग होती, बाबू. आता जावयाच्या पैशानं औषध खाणं बरं दिसते काय? म्हणून सोडल्या होत्या मी गोळ्या. मंग जावई म्हणाले, आई, तुम्ही औषध नाही घेतलं तर माहा टॅक्स वाढते." आजींचा चेहरा खुलला. "आता एक गोळी चुकवत नाही. माह्यामुळं त्याईचा फायदा होऊन राहिला, तर काहून नाही खाऊ? सांग, यंदा किती वाचला?"

मी आजवर कुणालाही खोटा आकडा सांगितलेला नाही. समोर लॅपटॉपवर शून्य दिसत होतं. दारात काका चहाचा ट्रे घेऊन उभे होते. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढलेला तो माणूस माझ्याकडे अर्जदारासारखा बघत होता.

"खूप वाचला, आजी," मी म्हणालो. "तुमच्यामुळेच वाचला."

काकांनी ट्रे खाली ठेवला आणि उगाचच चष्मा पुसला.

"असं होय!" आजी सावरून बसल्या. "मंग जावईबापू, सहा महिन्यांपासून माहा गुडघा दुखून राहिला. बोलली नव्हती मी. आणा आता त्याचंही औषध."