भाव करणाऱ्या पद्माक्का

पद्माक्कांनी एकदा डॉक्टरांच्या फीत घासाघीस केली, तीही दंडात सुई असताना. "निम्मंच टोचा की," त्या म्हणाल्या, "निम्मं पैसं देते." डॉक्टरांना हसू आलं आणि तिथेच ते संपले. समोरचा हसला की भाव पडलाच समजायचं, हा पद्माक्कांचा सिद्धांत. फी कमी झालीच, वर गोळ्यांची एक पट्टी फुकट मिळाली.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या समोरच्या घरात त्या राहतात. उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, त्यामुळे आवाज मोठा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि भाव करताना दोन्ही. "शेवटचं सांग" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दुकानदाराने शेवटचं सांगितलं की त्या स्टूल मागवून बसायच्या, कारण त्यांच्या मते खरं बोलणं तिथून सुरू व्हायचं. गल्लीत कुणाला लग्नाच्या साड्या घ्यायच्या असोत की कूलर, अक्कांना रिक्षात घालून न्यायचं. माझ्या साखरपुड्याच्या अंगठीलाही त्या आल्या होत्या. सोनाराने शेवटी मलाच हात जोडून विचारलं, "ह्या तुमच्या कोण?"

अशा बाई कॉम्प्युटरवर गेम खेळू लागतील हे कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं. पण त्यांचा मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर इथे राहिला. त्यावर एक गेम होता. जुन्या काळचं एक राज्य, त्यातला एक योद्धा म्हणजे आपण. गावोगाव फिरायचं, माणसांशी बोलायचं आणि शेवटी डोंगरातला राक्षस मारायचा. सगळं एकट्याने खेळायचं. मुलाने सुट्टीत आईला गंमत म्हणून दाखवला. अक्कांना राक्षसात काडीचा रस नव्हता. पण दुकानदारासमोर उभं राहिलं की पडद्यावर 'भाव कमी करा' असं बटण येतं, हे मुलाने सांगितलं मात्र, त्यांनी त्याला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसल्या.

त्यानंतर त्या राज्याचं वाटोळं झालं. राक्षसाने नाही केलं. लोहाराकडून अक्कांनी चिलखत घेतलं ते टोपलीभर कांद्यांच्या बदल्यात. राक्षस तिकडे गावं जाळत होता आणि अक्का इकडे ढालीचा भाव पाडत होत्या. पडद्यावरचं इंग्रजी वाचून सांगायला मला बोलावणं यायचं.

"अक्का, लोक मरतायत तिकडं."

"आन ढाल महाग घेऊन मी बी मरू व्हय?"

त्यांचं सगळ्यात जमलं ते वेशीवरच्या एका म्हातारीशी. ती औषधी मुळ्या विकायची. भाव पाडला की कपाळाला हात लावून "माझी पोरं उपाशी मरतील" म्हणायची. अक्का खूश. "खोटं बोलतीय. पोरं न्हाईत तिला, मी गावात इचारून आले." रोज तिच्याकडून मुळी घ्यायच्या. योद्ध्याच्या पोत्यात मुळ्यांशिवाय दुसरं काही मावेना.

मग एक दिवस गेम अपडेट झाला. सुरू करताच पडद्यावर एक सोनेरी दुकान उघडलं. त्यात पंखांचा घोडा, जळती तलवार आणि राक्षसापर्यंत थेट नेऊन सोडणारं एक पॅकेज. सगळं खऱ्या रुपयांत, फोनवरून भरायचं. अक्कांनी घोडा निरखला, चष्मा पुसला, पुन्हा निरखला.

"शेवटचं सांग," त्या पडद्याला म्हणाल्या.

"अक्का, तिथं माणूस नाही. एकच भाव आहे."

"एकच भाव?" भाकरीत खडा लागावा तसा चेहरा झाला. त्यांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला.

"आई, आता सगळे गेम असेच येणार," तो म्हणाला. "आधी गेम विकायचा, मग गेममधल्या वस्तू विकायच्या. कंपन्यांना तेच परवडतं."

"अरे, पण त्या राज्यात मी एकटीच हाय की! घोडा मिरवू कुनापुढं? आन लवकर पोचायचे पैसे कशाला? ताटावर बसायचं, आन लवकर हात धुवायला मिळावं म्हनून वर पैसे मोजायचे?"

मुलाने फोन ठेवला. त्याची मीटिंग होती.

मग अक्कांनी कंपनीची तक्रार-खिडकी गाठली. त्या सांगायच्या, मी इंग्रजीत टाइप करायचो. 'घोडा बघितला. पंख कच्चे वाटतात. शेवटचं सांगा.' तत्काळ उत्तर आलं, 'आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत.'

"अक्का, हे यंत्र बोलतंय."

"आभार मानतंय म्हंजे नरमलंय. लिव, समोरच्या दुकानात स्वस्त मिळतोय म्हनून."

हे कितीतरी दिवस चाललं. शेवटी त्या यंत्राने कंटाळून (यंत्रं कंटाळतात का, मला माहीत नाही) घोड्यावर सवलतीचं कूपन पाठवलं. अक्कांनी गल्लीभर शेंगापोळी वाटली. घोडा काही घेतला नाही. "घ्यायचा कुनाला होता?"

पुढच्या अपडेटनंतर मात्र वेशीवर म्हातारी दिसेना. मुळ्या आता सोनेरी दुकानात मिळणार होत्या. मी सूचना वाचून दाखवली. 'जुनं गाव' नावाचं पॅकेज विकत घेतलं तर जुने दुकानदार परत येतील, असं त्यात होतं. आता मोठी लढाई होणार म्हणून मी बाह्या सरसावल्या.

"काय लिहू, अक्का?"

अक्का वेशीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"हल्ली मला बी कुनी न्हेत न्हाई बाजाराला," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, आज ऊन आहे म्हणावं, तसं म्हणाल्या. "समदी फोनवर मागवत्यात. भाव छापलेलाच असतोय." मग म्हणाल्या, "मी काय पैशासाठी करत होते व्हय रे? दिलं, घेतलं, निगालं, त्यात बोलनं कुटं हाय? भाव केला की मानूस घडीभर थांबतंय तरी समोर."

आणि त्यांनी फोन माझ्यापुढे केला. "भर."

"सगळे? तसेच? निदान ते कूपन चालतंय का बघू?"

"ते घोड्याचं हाय. म्हातारीवर कूपन लावत्यात व्हय?"

मी पैसे भरले. म्हातारी परत आली. तीच टोपली, तेच फाटकं लुगडं. तिने मुळीचा नेहमीचा चढा भाव सांगितला. खाली 'भाव कमी करा' दिसत होतं. अक्कांचा हात तिकडे गेलाच नाही. तिने सांगितला तेवढा भाव त्यांनी दिला. असं आजवर कधी झालंच नव्हतं, त्यामुळे पुढे म्हातारी काय बोलते ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तिने मुळी दोन्ही हातांनी पुढे केली आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हनली?"

मी वाचून सांगितलं, "दमलेली दिसतेस, म्हणाली. घटकाभर बस."

अक्कांनी योद्ध्याला तिच्याशेजारी जमिनीवर बसवलं. मग पाण्याचा तांब्या स्वतःजवळ ओढून घेतला आणि तिच्याशी तेलुगूत बोलायला लागल्या. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला तेलुगू येत नाही. मी चपला घातल्या आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.