प्रवास केल्याचा पुरावा

बोर्डिंग पास सदऱ्याच्या खिशात राहिला आणि सदरा वॉशिंग मशीनमध्ये गेला. घरात "खिसे बघितलेत का?" असं विचारणारं कुणी नव्हतं, आणि हा प्रश्न स्वतःलाच विचारायची सवय आक्षेपरावांना अजून लागली नव्हती. पासाचा लगदा त्यांनी वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली वाळवला. वाळल्यावर त्यावर नाव, तारीख, काही म्हणता काही दिसेना.

आक्षेपराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. सरकारी कचेरीत प्रवासबिलांच्या टेबलावर बसून त्यांनी बावीस वर्षं इतकी बिलं परत पाठवली होती, की खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. रजा-प्रवास सवलत निवृत्तीपूर्वी वाया जाऊ नये म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. तिकीट नियमाप्रमाणे सगळ्यात स्वस्त. खिडकीच्या जागेचं जादा शुल्क सरकार देत नाही, म्हणून जागा मधली. चार दिवस एका परक्या गावात काढून ते परत आले होते.

स्वतःचं बिल स्वतः तपासता येत नाही. ते हाताखालच्या कारकूनबाईंकडे गेलं. बाईंना त्यांनीच तयार केलं होतं, आणि दुर्दैवाने चांगलं तयार केलं होतं.

"सर, बोर्डिंग पास?"

"धुतला गेला हो."

"अरेरे," असं म्हणून बाईंनी बिल बाजूला सरकवलं. "मग तुम्ही तिथे होतात असं लिहून देणारं माणूस लागेल."

"अहो, मी स्वतः सांगतोय ना!"

"गेल्या वर्षी आपला ड्रायव्हरही हेच सांगत होता. तुम्ही त्याला काय म्हणालात?"

आक्षेपरावांना आठवलं. ते चारचौघांत पुन्हा उच्चारण्यासारखं नव्हतं.

"त्यात काय एवढं, सर? प्रवासाचं कारण तुम्ही लिहिलंय, नातेवाइकांची भेट. त्यांच्याकडून दोन ओळी मागवा की!"

इथे आक्षेपरावांची पंचाईत झाली. त्या गावातच काय, कुठल्याच गावात त्यांना नातेवाईक नव्हते. एकट्या माणसाने 'पर्यटन' लिहिलं तर कचेरी कीव करेल, म्हणून त्यांनी कागदावर चार नातेवाईक करून घेतले होते.

संध्याकाळी ते त्या चार दिवसांत भेटलेल्यांची यादी करायला बसले. लॉजच्या मॅनेजरला फोन लावला.

"साहेब, तुम्ही भांडण केलं असतं तर लक्षात राहिला असतात," मॅनेजर म्हणाला.

बागेतला एक कुत्रा मात्र दोन दिवसांत चांगला ओळखीचा झाला होता. पण सहीचा प्रश्न होता.

शेवटी त्यांनी विमान कंपनीकडे दाखला मागायचं ठरवलं. हेल्पलाइनने त्यांना एक, चार आणि नऊ दाबायला लावलं, आणि नऊ दाबल्याबद्दल आभार मानून फोन ठेवला. त्यांनी मग वेगळं शुल्क भरून लेखी अर्ज धाडला. पंधराव्या दिवशी कचेरीच्या पत्त्यावर उत्तर आलं. बाईंनी पाकीट फोडलं.

"सर, तुम्ही प्रवास केल्याची नोंद आहे म्हणतायत. शिवाय त्याच कागदावर खाली शेजारच्या प्रवाशाने तुमच्याविरुद्ध केलेली तक्रारही उतरवलीय." बाई मोठ्याने वाचू लागल्या. "'मधल्या सीटवरचे गृहस्थ विमान उडाल्यापासून उतरेपर्यंत बोलत होते. माझा डोळा लागला तर हलवून उठवलं आणि माझ्याच खिडकीतून मला ढग दाखवले. माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली, नातवंडांची नावं पाठ केली. उतरताना म्हणाले, तुमच्यामुळे वेळ कसा गेला कळलंच नाही. मला मात्र मिनिट न् मिनिट कळत होतं.'"

कचेरी पोट धरून हसली. आक्षेपरावांनी हात पुढे केला, कागद घेतला आणि दोनदा वाचला.

"याहून पक्का पुरावा नाही सर! बिल मंजूर."

"बाई, याची झेरॉक्स लावा. मूळ कागद माझ्याकडे राहू दे."

"झेरॉक्स चालत नाही सर. तुम्हीच शिकवलंत."

"खरं आहे. मग बिल परत द्या."

"अहो सर, सगळे पैसे बुडतील!"

"बुडू देत."

बिल मागे घेण्याचा अर्ज त्यांनी उभ्याउभ्याच लिहिला. कारणाच्या रकान्याशी पेन बराच वेळ घुटमळलं, आणि रकाना कोराच राहिला. बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि काही न विचारता त्यावर शिक्का मारला.