आगामी आप्पा

चिंचवडचं रेल्वे फाटक पडलं की अडकलेली माणसं एरवी बिडी पेटवायची, सायकलवरून एक पाय खाली टेकवायची, नाहीतर येणाऱ्या गाडीला दोन शिव्या घालायची. फाटकवाल्या आप्पांच्या ड्युटीत मात्र यातलं काही सुखाने करता यायचं नाही. फाटक पुरतं खाली आलं, की आप्पा घसा खाकरायचे, डोक्यावरचा पटका सारखा करायचे आणि बैलगाड्या, सायकली, पाटीवाल्या बाया सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून सुरू व्हायचे.

"आगामी व्याख्यान. विषय, निद्रा आणि मनःस्वास्थ्य. स्थळ, विद्यापीठ. येत्या गुरवारी सायंकाळी. सर्वांना प्रवेश खुला. आग्रहाचं निमंत्रण हाय."

एकदा एक गाडीवान वैतागून म्हणाला, "आप्पा, माझी बैलं तेवढी ऐकत्यात बघा."

"ऐकू द्या की. सर्वांना म्हंजे सर्वांना," आप्पा म्हणाले. "फकस्त येळेवर आणा त्यास्नी."

तेवढ्यात गाडी धडधडत निघून जायची, फाटक वर व्हायचं आणि श्रोते सुटायचे. व्याख्यान मोठं असलं की आप्पा फाटक लवकर पाडतात असा एक प्रवाद गावात होता. तो खोटा होता. आमची खोली फाटकाला लागूनच होती आणि गाड्यांच्या वेळा मला पाठ झाल्या होत्या. झोप लागत नसली की माणसाला असलं बरंच पाठ होतं.

मी राजापूरकडची. शाळा चौथीतच सुटली. यांना चिंचवडच्या एका कारखान्यात नोकरी लागली, म्हणून लग्नानंतर थेट इकडे आले. ओळखीचं माणूस नाही, समुद्र नाही, आणि दर गाडीला भिंतीवरची भांडी वाजायची. पहिले काही दिवस मी कुणाशी बोललेच नाही. बोलले ती पहिल्यांदा आप्पांशी, आणि तेही चुकीचं.

फाटकाशी उभी असताना मी त्यांच्या तोंडून 'विद्यापीठ' हा शब्द सारखा ऐकत होते. त्यातलं पीठ मला कळलं. आमच्या खोलीपासून गिरणी लांब होती. धीर करून विचारलं, "आप्पा, तिथे तांदूळपण दळून देतात काय हो?"

दुसरा कुणी असता तर महिनाभर हसला असता. आप्पांनी जरा विचार केला. म्हणाले, "न्हाई कोकणताई. तिथं नुसतं बोलत्यात. पण लई बारीक दळत्यात."

त्या दिवसापासून मी सगळ्या चिंचवडची कोकणताई झाले.

आप्पा खेड तालुक्यातल्या एका वाडीचे. उमर पन्नाशीची, मिशा पांढऱ्या, बायको तरुणपणीच गेलेली, राहणं एकट्याचं. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, दापोडी, खडकी करत विद्यापीठात जायचं आणि तिथल्या काचेच्या फळ्यावर काय काय लागलंय ते काचेवर बोट फिरवत वाचायचं, हा त्यांचा नेम. पाठ झाल्याशिवाय काचेपुढून हलायचे नाहीत. तो पूर्वीचा इंग्रज गव्हर्नराचा बंगला; चिंचवडची म्हातारी माणसं त्याला तेव्हाही लाटसाहेबाचा बंगलाच म्हणायची. आप्पांना ते खपायचं नाही.

"लाटसाहेब असताना त्या फाटकाशी नुसतं हुबं ऱ्हायलं तरी शिपाई हाकलायचा," ते म्हणायचे. "आता ते फाटक उघडं हाय. आपन फाटकवाले. उघडं फाटक म्हंजे काय, ते आपल्याला ठावं."

आता 'आग्रहाचे निमंत्रण' हे शब्द छापायचे म्हणून छापतात, हे तुम्हांआम्हांला ठाऊक असतं. आप्पांना ते मान्य नव्हतं. निमंत्रण आलं म्हणजे जायचं, आणि लग्नाला जावं तसं जायचं. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा पटका. हात रिकामा ठेवून कुणाच्या दारात जाऊ नये, म्हणून वक्त्याला काहीतरी न्यायचं. उपवासाचे फायदे सांगणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी हुरडा नेऊन दिला होता. ते म्हणे संकोचले, पण व्याख्यान संपल्यावर खाल्ला.

आणि आपल्यातलं कुणी जाऊ शकलं नाही, तर तसा निरोप पोचवायला नको? तर आप्पा सगळ्या चिंचवडच्या वतीने पोचवायचे. व्याख्यान संपलं की पुढे जाऊन हात जोडायचे आणि म्हणायचे, "गणू लोहार कामावर हाय. पाटलाच्या सुनंला ताप हाय. बाबूमियाँचं दुकान उघडं हाय. मनात आसून येता आलं न्हाई. राग मानू नका."

पहिल्या वेळी ज्या प्राध्यापकांपुढे हे झालं, त्यांना काही उमजलं नाही. पण माणूस मोठा असावा. पुढच्या खेपेला त्यांनीच आप्पांना गाठून विचारलं, "पाटलांच्या सूनबाईंचा ताप उतरला का?" आप्पांनी ते परत येऊन फाटकावर जाहीर केलं. पाटलाची सून बरेच दिवस मान ताठ करून पाण्याला जात होती.

व्याख्यानातलं जे पटेल ते आप्पा अंगी लावून घ्यायचे, आणि दुसऱ्यांच्याही अंगी लावायचे. विद्यापीठात दरसाल आरोग्य सप्ताह व्हायचा. एका वर्षी ते तिथून दीर्घ श्वसन शिकून आले. फाटकाला अडकलेल्या मंडळींना म्हणाले, "गाडी दिसली की श्वास आत. गाडी गेली की भाईर. लई सोपं हाय."

पॅसेंजरला ते साधलं. कोळशाचा धूर थोडा आत गेला एवढंच. मग मालगाडी आली. डब्यांमागून डबे, डब्यांमागून डबे. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान बाबूमियाँचं. ते पंक्चर काढता काढता ओरडले, "आप्पा, मालगाडी है ये. लोगां मर जायेंगे." तोवर एक दूधवाला लाल होऊन सायकलच्या दांडीवर वाकला होता. तेव्हापासून आप्पांनी नियम केला, की श्वसन फक्त पॅसेंजरला. मालगाडीला आहारावरचं व्याख्यान.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मला दिवस गेले आणि माझं हसू थांबलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माहेरी माझी आई नव्हती. थोरली बहीण होती, ती तिच्या पहिल्याच बाळंतपणात गेली. काय झालं, कशाने गेली, मला कुणी सांगितलं नाही. असल्या गोष्टी लहान बहिणीला सांगत नाहीत. त्यामुळे माझ्या मनाने एकच ठरवून टाकलं, की आपलंही तसंच होणार. यांना सांगितलं की हे म्हणायचे, "होईल नीट." शेजारणींपैकी एक म्हणायची पपई खाऊ नको, दुसरी म्हणायची ग्रहणात विळी धरू नको. मी सगळं पाळत होते आणि रात्री गाड्या ऐकत होते.

एका सोमवारी आप्पा विद्यापीठातून आले ते फाटकावर काही बोललेच नाहीत. दोन गाड्या गेल्या तरी गप्प. बाबूमियाँनी विचारलंसुद्धा, "तबियत ठीक है ना?" मग आप्पा आमच्या दारापुढे येऊन उभे राहिले, तोंड दुसरीकडे करून. हे घरीच होते.

"आगामी व्याख्यान हाय," आप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. "आरोग्य सप्ताहात. डॉक्टरीणबाई बोलनार हायत. फकस्त स्त्रियांसाठी."

"विषय काय?" यांनी विचारलं.

आप्पांनी पटका काढला, पुन्हा घातला. "विषय... आता कोकणताईंचं जे चाललंय, ते."

आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा विषय सांगणारा माणूस, त्याला तेवढा एक शब्द माझ्यासमोर उच्चारता आला नाही.

हे म्हणाले, "आप्पा, तिथे शिकलेल्या बायका. ही चौथी. काही विचारलं तर काय सांगेल?"

"सर्व स्त्रियांना प्रवेश हाय. छापलंय. छापल्यालं खोटं कसं आसंल?" आप्पा म्हणाले. "आन् न्हाई आल्या, तर मी त्यांना काय कारन सांगू?"

यांनी कोनाड्यातून जाण्यायेण्याचे पैसे काढून माझ्यापुढे ठेवले.

आप्पांनी ड्युटी बदलून घेतली. खडकीपर्यंत गाडी, पुढे टांगा. त्या आवारातली झाडंच एवढी मोठी, की मी आप्पांच्या मागे मागे चालले. आप्पा सभागृहाच्या पायरीपाशी थांबले, पेरूंचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाईंना द्या. आन् मला भाईर थांबावं लागलं, राग मानू नका म्हनावं."

आत मी शेवटच्या बाकावर बसले. डॉक्टरीणबाई चष्म्याच्या, पण बोलणं घरच्यासारखं. मला सगळं कळलं, हेच मला कळेना. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका? मी उभी राहिले ती कशी राहिले, देव जाणे. म्हटलं, "माझी बहीण यातच गेली. माझं तसंच होईल काय?" कुणी हसलं नाही. त्या म्हणाल्या, बहिणीचं झालं म्हणून तुझं होईल असं नाही, पण दर महिन्याला तपासून घे, आणि मी सांगितलेली लक्षणं दिसली तर घरी बसू नको. मग त्यांनी ती लक्षणं पुन्हा सांगितली, फक्त माझ्याकडे बघून.

परतताना खडकीच्या फलाटावर बसलो होतो. आप्पा म्हणाले, "काय बोलल्या त्या, सगळं सांगा. लाजू नका. मी रुळाकडं बघतो."

मी सांगत गेले. खाणं, झोप, ओझी, तपासणी. ते मान हलवत होते. मी म्हटलं, पायावर नाहीतर तोंडावर सूज आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच दवाखाना.

"लगीच म्हंजे?"

"त्याच दिवशी, म्हणाल्या."

"त्याच दिवशी," आप्पा म्हणाले. थोड्या वेळाने परत विचारलं, "पायाला सूज. त्याच दिवशी. आसंच म्हनल्या ना?" मी हो म्हटलं. तेवढ्यात गाडी आली.

त्यानंतर आप्पा माझ्या तोंडाकडे बघून बोलेनासे झाले. मी दिसले की त्यांची नजर आधी खाली. बाबूमियाँ म्हणायचे, "एक दिन बुढ्ढा कोकणताईची चप्पल चोरणार."

आठव्या महिन्यात एका सकाळी मी कळशी घेऊन निघाले होते. डोकं पहाटेपासून दुखत होतं. मला वाटलं, उन्हाळ्याने. फाटक पडलेलं, आप्पा झेंडी घेऊन उभे. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "कळशी खाली ठेवा."

"पाणी जाईल, आप्पा."

"खाली ठेवा म्हनलं ना."

तेव्हा मी खाली पाहिलं. जोडवी बोटांत रुतली होती.

फाटकाला भाजीचा एक ट्रक लागला होता, पुण्याच्या मंडईला निघालेला. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून म्हणाला, "काय आप्पा, आज काय आगामी?"

"आज आगामी न्हाई," आप्पा म्हणाले. "आज आत्ताच." त्यांनी त्याच्या शेजारची जागा रिकामी करायला लावली, बाबूमियाँच्या बीबीला माझ्या सोबतीला बसवलं, बाबूमियाँना दुकान मिटून कारखान्यात यांना सांगायला पिटाळलं. स्वतः जाग्यावरून हलले नाहीत. गाडी यायची होती.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मला ठेवून घेतलं. उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर यांना म्हणाले. मुलगी झाली. बारीक, पण आवाज खणखणीत.

घरी आल्यावर आप्पा बघायला आले. मुलीला हातात घेतलं नाही, लांबूनच बघत राहिले. मी म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी माझ्या आधी तुम्हांला कसं कळलं?"

त्यांनी पटका काढून हातात घेतला.

"आमच्या मंडळींचीबी आठव्या म्हैन्यात जोडवी रुतायला लागली हुती," मग म्हणाले. "मी सोनाराकडनं ढिली करून आनली."